आर्याचं दहावीचं वर्ष

बनशंकरी, बेंगळुरू
९ जून २०२४

अक्का,

तू फोन उचलत नाहीस. विद्याला केला की ती म्हणते, आई झोपलीय, आई देवळात गेलीय. तुझीच लेक ती, खोटं बोलताना तिचा आवाज बारीक होतो. म्हणून हे पत्र. नागपूरला पोचेपर्यंत तुझा राग स्वल्प उतरला असेल तर बरं.

हो, मी तुझ्या खुर्चीवर बसले. कुणीतरी आधीच कळवलं असणार तुला. एप्रिलमध्ये तू कमिटीपुढे राजीनामा ठेवलास आणि सामान बांधून लेकीकडे निघून गेलीस, त्यानंतर शाळेला मुख्याध्यापिकाच नव्हती. सेक्रेटरी अनिलकुमार एका कोचिंग क्लासवाल्याला आणायच्या बेतात होते. तो आला असता तर जिन्याजवळची तुझी खोली पहिल्या आठवड्यात गेली असती. मी आयुष्यभर गणित शिकवलं, कारभार मला येत नाही. पण त्यांनी विचारलं आणि मी सरी, बरं, म्हटलं. बाहेरचा माणूस बसण्यापेक्षा घरचं कुणी बसलेलं बरं, एवढाच विचार केला.

खोली आहे तशीच आहे. ज्यांना अक्षरं लागत नाहीत, ज्यांना एका जागी बसवत नाही, जी नुकतीच दुसऱ्या राज्यातून आलीत आणि वर्गातलं कानडी ऐकून भेदरतात, ती सगळी मुलं रोज थोडा वेळ तिथे येतात आणि मग आपापल्या वर्गात जातात. कृष्णवेणी एकटीच शिकवते, पण तू लावलेली घडी तिनं मोडू दिलेली नाही. दुसरीतला गिरीराज आठवतो ना, टेबलाखाली बसून राहणारा? आता तो खुर्चीवर बसतो. तोंडातून मात्र अजून शब्द नाही.

आर्या यंदा दहावीत आली. तिच्या वर्गावरून जाताना तिनं मला हाक मारली आणि विचारलं, मोठ्या मॅडम कधी येणार. मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नाही. पुण्याहून आलेली पोर, चार शाळांनी दारातून परत पाठवलेली. सहावीत तू तिला घेतलंस तेव्हा तिला फळ्यावरचं एक वाक्य धड वाचता येत नव्हतं. तोंडी विचारलं की सगळं सांगायची. महादेवपुऱ्याहून इथवर, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, रोज येते. तिला मी काय सांगायला हवं होतं, ते तूच कळव.

ह्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. यशवंतपूरच्या दुकानात तुझ्या नावाचा हळदीचा डबा तसाच पडून आहे, पाठवू का विचारत होते.

अंजली


४ ऑगस्ट

अक्का,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण काल जे झालं ते ज्याच्याशी बोलावं असं इथे दुसरं माणूस नाही.

कमिटीची बैठक होती. यंदा शाळेनं सगळ्यात आधी काय करायला हवं, ते मी मांडायचं होतं. खूप तयारी केली होती. खोलीत कृष्णवेणीच्या जोडीला आणखी एक शिक्षिका हवी. प्रत्येक वर्गशिक्षकानं महिन्यातून एक दिवस त्या खोलीत बसून बघावं. परीक्षेचे कागद सगळ्यांसाठी एकाच साच्याचे नकोत. तू असतीस तर हेच मागितलं असतंस, फक्त माझ्यासारखी घाम पुसत नाही.

अनिलकुमारांनी शांतपणे ऐकून घेतलं. अक्का, तो माणूस दुष्ट नाही, हीच पंचाईत आहे. त्यांचं म्हणणं असं की गेल्या वर्षी दहावीत आपली तीन मुलं नापास झाली, ती बातमी गल्लीभर फिरली, आणि यंदा पहिलीत येणारी मुलं पलीकडच्या शाळेत गेली. मुलं आली नाहीत तर खोली कशाच्या जोरावर चालवायची, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या अक्कांनी आमच्यापुढे दोनच रस्ते ठेवले होते. खोलीतली मुलंही बोर्डाच्या परीक्षेला बसतील, नाहीतर मी जाईन, असं त्या म्हणाल्या. तुम्ही तिसरा काढा."

तिसरा त्यांच्याकडे तयारच होता. खोली राहील. आणखी एक शिक्षिकाही मिळेल. मात्र जी मुलं दहावीत पडतील अशी भीती आहे, त्यांचं नाव बोर्डाकडे जायच्या आधी त्यांना मुक्त विद्यालयात घालायचं. तिथून ती सवडीनं परीक्षा देतील, आपल्या निकालात त्यांची मोजणी होणार नाही. यंदा अशी एकच आहे, ते म्हणाले. एकच मुलगी.

आर्या.

कृष्णवेणी म्हणते, लेखनिक दिला, जास्तीचा वेळ दिला, तर ती निघेल. नाहीही निघणार. चाचणीत मी प्रश्न वाचून दाखवला की भराभर सांगते, स्वतः वाचायला लागली की घामाघूम होते. खात्री कोण देणार?

मी म्हटलं, विचार करते.

तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तू तेच केलंस आणि आता नागपुरात आहेस. मला ते विचारायचं नाही. खोलीतली ती सगळी चिमुरडी एका पारड्यात आणि आर्या दुसऱ्यात, असं तुझ्यापुढे कुणी ठेवलं असतं आणि तुला उठून जायची सोय नसती, तर तू काय केलं असतंस, ते सांग.

अंजली


२२ सप्टेंबर

अक्का,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. विचार करते असं मी म्हटलं नव्हतं. मी त्याच बैठकीत हो म्हटलं होतं. घरी येऊन तुला लिहायला बसले तेव्हा हात तसं लिहायला धजला नाही.

आर्याच्या आईवडिलांना बोलावलं. अवधूत ऑफिस सोडून आले होते, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. श्वेता त्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसली. मी त्यांना सांगितलं की आर्यावर बोर्डाच्या परीक्षेचा फार ताण येतोय, मुक्त विद्यालयातून तिला एकेक विषय सोडवता येईल, कानडीचा प्रश्नच उरणार नाही. अक्का, यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतकं सहज बोलता आलं.

अवधूतनी ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, हे आर्यासाठी आहे की शाळेसाठी?"

मी म्हटलं, "दोघांसाठी."

त्यांनी मान हलवली. भांडले नाहीत. पुण्यात चार शाळांमधून असेच उठले असतील, त्यांना सवय दिसली. जाताना श्वेतानं एकच विचारलं, खोलीत यायला परवानगी असेल तर तिनं युनिफॉर्म घातला तर चालेल का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आर्या बाहेर बाकावर होती. दार नीट लागत नाही, तू किती वर्षं सुताराला सांगत होतीस. तिनं सगळं ऐकलं असणार. मी बाहेर आले तेव्हा ती उभी राहिली, गुड आफ्टरनून म्हणाली आणि आईची पर्स हातात घेऊन चालू लागली.

आठवडाभर ती खोलीत आली. दहावीच्या वर्गाची घंटा झाली की आपोआप उठायची आणि परत बसायची. गिरीराजशेजारी बसून त्याला ठोकळे लावून द्यायची. तिच्या वर्गातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत दारातून डोकावायच्या, काय झालं गं विचारायच्या. सोमवारपासून ती आलेली नाही.

बोर्डाकडे जाणारी नावं मी तपासून पाठवली. आपले अण्णा म्हणायचे तसं, जेवण जिरलं की पंगतीत कोण उपाशी उठलं ते कुणाला आठवत नाही. मला अजून आठवतंय, एवढंच.

अंजली


१७ नोव्हेंबर

अक्का,

तुझं कार्ड आलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि उघड्या दारातच उभी राहून वाचलं. वाचायला होतं काय? नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. "आर्याला कुणी विचारलं का?" बस्स.

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की ह्यांनी जेवताना माझ्याशी बोलणं सोडलं. तू विचारलंस का तिला? ताठ मानेनं बाहेर पडलीस तेव्हा खोलीतल्या एका तरी मुलाला विचारलंस, मी जाऊ का म्हणून? तुझा राजीनामा भिंतीवर लावण्यासारखा होता. शिक्षकांमध्ये अजून त्याचं कौतुक होतं. मला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायची होती.

मग राग ओसरला. नाही विचारलं, अक्का. आईवडिलांना विचारलं, कृष्णवेणीला विचारलं, कमिटीला विचारलं. ती बाहेर बाकावर बसली होती आणि तिला आत बोलवावं हे मला सुचलंच नाही. बावीस वर्षं शिकवूनही सुचलं नाही.

काल आर्याच्या घरी फोन केला. श्वेता म्हणाली, ती तिच्या खोलीतून फारशी बाहेर येत नाही, पुस्तकं पलंगाखाली सरकवून ठेवलीत. मी म्हटलं, मी येऊन जाऊ का? श्वेता म्हणाली, "आत्ता नको, मॅडम."

आता दुसरी गोष्ट ऐक, तीही तुला कळायला हवी. नवी शिक्षिका आली. तरुण आहे, हुशार आहे, मुलांना धरून राहते. कृष्णवेणीला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. गेल्या मंगळवारी कृष्णवेणी गिरीराजला तेच चित्रांचं पुस्तक पुन्हापुन्हा वाचून दाखवत होती आणि गिरीराजनं पुस्तकावर हात ठेवून म्हटलं, "साकु." पुरे. आयुष्यातला त्याचा पहिला शब्द, आणि तो पुरे. कृष्णवेणी हसतही होती आणि डोळेही पुसत होती. संध्याकाळी त्याची आई आली, तिला त्यानं परत म्हणून दाखवलं. ती बाई जमिनीवरच बसली.

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. हा शब्द कशाच्या बदल्यात आलाय, ते तिथे फक्त मला माहीत होतं. तू तो ऐकला असतास तर मला काय म्हणाली असतीस, अक्का? मला खरंच कळत नाही.

अंजली


२३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

खोली बंद होतेय. जूनपासून तिथे आठवीच्या मुलांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणार. पालकांकडून मागणी आहे म्हणे. नव्या शिक्षिकेला पत्र गेलं. कृष्णवेणीनं आधीच हेरलं होतं, तिनं तुमकुरूच्या एका शाळेत जागा बघून ठेवलीय. माझ्याशी ती नीट वागते, पण डोळ्याला डोळा देत नाही.

मी अनिलकुमारांकडे गेले. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, शब्द यंदापुरता होता, यंदा खोली चालली, एक शिक्षिका जास्तीची दिली, आम्ही कुठे मोडला? आवाज चढवला नाही त्यांनी. माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्यायले, अक्का. समोर आली म्हणून प्यायले, आणि उठून तशीच रिक्षा करून महादेवपुऱ्याला गेले. कुणाला न कळवता.

दार आर्यानंच उघडलं. बारीक झालीय. केस कापलेत. श्वेतानं आत घेतलं, चहा ठेवला. आर्या बाल्कनीत जाऊन बसली, मी तिच्यामागे गेले. समोर नुसत्या काचेच्या इमारती.

मी म्हटलं, "मी तुला विचारायला हवं होतं."

"काय?"

"परीक्षेला बसायचंय का ते."

तिनं बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवले. मग म्हणाली, "बसले असते तर कदाचित नापास झाले असते."

"कदाचित."

"पण मग ते नापास होणं माझं असतं ना, मॅडम?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गणितात एखादी पायरी समजली नाही की विचारायची, तसंच तिनं विचारलं.

मग तिनं गिरीराजची चौकशी केली. मी सांगितलं, तो बोलतो, पुरे म्हणतो, आता पाणी म्हणतो, आईला हाक मारतो. तिचा चेहरा जरा सैल झाला. खोली बंद होतेय हे मला तिथे सांगायचं होतं. नाही सांगितलं.

निघताना विचारलं, मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करायला मी रविवारी येऊ का? तिनं खांदे उडवले. श्वेता स्वयंपाकघरातून म्हणाली, या.

अंजली


१८ मे

अक्का,

निकाल लागला. शंभर टक्के. शाळेच्या फाटकावर मोठा फलक लागलाय, त्यावर माझा फोटो आहे. शुक्रवारी सत्कार झाला. अनिलकुमारांनी डोक्यावर म्हैसूर पेटा ठेवला, खांद्यावर शाल घातली. भाषणात ते म्हणाले की आपली शाळा कुणालाही मागे सोडत नाही. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. पेटा मोठा होता, सारखा कपाळावर येत होता.

मी राजीनामा दिलेला नाही. तू वाट बघत असशील म्हणून आधीच सांगते. खोलीतली मुलं जूनपासून आपापल्या वर्गांत दिवसभर बसतील, आणि कुणाला काय झेपत नाही हे ठाऊक असलेलं शाळेत माझ्याशिवाय कुणी उरणार नाही. हे कारण खरं आहे की खुर्ची सोडवत नाही म्हणून मी शोधलंय, ते मला आता ओळखता येत नाही. गिरीराजच्या आईवडिलांनी त्याचा दाखला काढून नेला. कुठे घालणार विचारलं तर म्हणाले, बघू.

रविवारी मी महादेवपुऱ्याला जाते. सुरुवातीला आर्या दोन-तीन वाक्यं बोलायची आणि उठून जायची. हळूहळू बसायला लागली. मी लेखनिक व्हायचं, तिनं सांगायचं, असा सराव करतो. खऱ्या परीक्षेला तिच्याहून लहान वर्गातली कुणी मुलगी बसेल, पण सांगून लिहवून घ्यायची सवय व्हायला हवी.

दोन आठवड्यांपूर्वी मी गेले तर ती दाराशीच थांबली होती. कृष्णवेणीनं तिला तुमकुरूहून फोन केला होता.

"खोली बंद झाली?"

"हो."

"तुम्हाला फेब्रुवारीतच माहीत होतं."

"हो."

"मग मला कशासाठी काढलंत?"

अक्का, मी उत्तर खूप शोधलं. गिरीराजचा शब्द डोळ्यापुढे आला, पण तो तिच्या हातावर ठेवून हे घे, यासाठी, असं म्हणवेना. मी म्हटलं, "शेवटी कशासाठीच नाही."

तिनं दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी उघडलंच नाही. मी जिन्यात थोडी थांबले आणि परत आले. ह्यांनी विचारलं, आता कशाला जातेस?

आज परत गेले. दार उघडं होतं. आर्या जेवणाच्या टेबलाशी प्रश्नपत्रिका घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "विज्ञानाचा घेऊ. तिसरा प्रश्न वाचा."

मी वाचला. हृदयाची डावी बाजू उजवीपेक्षा जाड का असते? तिनं डोळे मिटले आणि सावकाश सांगायला लागली. कारण डाव्या बाजूला रक्त फक्त फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं, आणि उजव्या बाजूला सगळ्या शरीरभर, म्हणून तिला जास्त जोर लागतो.

तिला सगळं कळलं होतं. डावं आणि उजवं तेवढं उलटं झालं होतं, तिचं नेहमीच होतं तसं. दोन शब्दांची अदलाबदल केली असती तर पुरे गुण. माझं पेन थांबलं. किती वेळ थांबलं कुणास ठाऊक, कारण तिनं डोळे उघडले.

"चुकलं असेल तरी मी सांगितलं तेच लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी एकेक शब्द वाचला, जसा तिनं सांगितला होता तसा. तिनं ऐकलं, मान हलवली.

"पुढचा."

मी पुढचा प्रश्न वाचला.

अंजली